वीज भाड्यातच आहे, मग रिकाम्या गाडीत एसी चालू ठेवला तर बिघडलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं एक कुटुंब मे महिन्यात भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन बामणोलीच्या बाजूला एका कॅम्पवर तीन रात्री राहिलं. सोबत मेहुण्यांची वेगळी गाडी होती. जागेच्या भाड्यात वीज धरलेली. पहिल्या दिवशी सकाळी नऊला सगळे लाँचने तापोळ्याला गेले, सहाला परतले, तोवर कॅरॅव्हॅनमधला एसी चालूच होता. दुसऱ्या दिवशी चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघायला गेले, एसी पुन्हा चालू. दुपारी बाराच्या सुमारास मालकाने बाहेरून एमसीबी, म्हणजे गाडीची वीज तोडणारा स्विच, पाडला. त्यात फ्रीजही बंद पडला, दूध नासलं. निघताना अनामतीतले पाचशे रुपये ‘लाइटचे’ म्हणून कापले. मेहुणे आठ वर्षं अमेरिकेत राहून आलेले. त्यांचं म्हणणं, तिकडे भाड्यात वीज असली की एसी कुणी बंद करत नाही, आपण पैसे मोजलेत. आता विचारणारे गृहस्थ विचारतायत की चूक कुणाची, आणि पाचशे परत मागावेत का.

मी परवानाधारक वीज ठेकेदार आहे. सुरुवातीची दहा वर्षं वाळवा-पलूस पट्ट्यात शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी भरण्यात, म्हणजे त्यांचं तारेचं वेटोळं नव्याने गुंडाळण्यात गेली. पुढची सोळा वर्षं वाई, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या हॉटेलांची, कृषी पर्यटनाची आणि आता या तंबू-कॅरॅव्हॅनवाल्या कॅम्पांची वायरिंग करतोय. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मी खाल्ल्यात. गिऱ्हाईक म्हणतं व्होल्टेज नाही, मालक म्हणतो गिऱ्हाईक माजलंय.

तर, मेहुणे चुकले आणि मालकही चुकला. पण मेहुणे का चुकले याचं जे कारण मालक सांगत असेल, ते खरं कारण नव्हे.

आधी पैशाचा हिशेब संपवू, कारण तो लहान आहे. कॅरॅव्हॅनमध्ये बहुधा एक टनाचा एसी असतो. उन्हात उभ्या पत्र्याच्या डब्यात तो जवळजवळ सतत चालतो आणि तासाला साधारण एक युनिट खातो. पहिल्या दिवशी नऊ तास, दुसऱ्या दिवशी तीन, म्हणजे 12 युनिट. कॅम्पची वीज व्यापारी दराची. सगळे आकार धरून युनिटाला 15 रुपये पकडा. झाले 180. तीन रात्रींच्या भाड्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि मेहुण्यांचा मुद्दा एवढ्यापुरता खरा आहे: भाडं ठरवताना मालकाने असे शे-दोनशे रुपये धरलेले असतातच. जो पाहुणा रात्री पंखाही लावत नाही त्याला तो ते परत देत नाही, तसं जो जास्त वापरतो त्याच्याकडून जादा घेऊही नये.

मग अडचण कुठे आहे? ती कळायला आपल्याकडच्या शेतीपंपाएवढं चांगलं उदाहरण नाही. सांगली-साताऱ्यात ज्याच्या घरी पंप आहे त्याला हे सांगायलाच नको. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर यायचं. पाचच्या मोटरीला इतके, साडेसातला तितके, मग ती दिवसातून एक तास चालो नाहीतर आठ तास. या हिशेबाने शेतकऱ्याला काय शिकवलं? ऑटो स्विच. वीज आली की मोटर आपोआप सुरू. रात्री दोनला लाइट येते, मालक घरी झोपलेला, उसाची सरी भरून पाणी ओढ्याला लागलेलं, मोटर आपली चालूच. त्या पाण्याचा उपयोग कुणालाच नाही, पण त्याला जास्तीचा रुपयाही पडत नाही. आणि वीज आल्याच्या त्याच क्षणाला एका डीपीवरच्या, म्हणजे गावातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, वीस मोटरी एकदम उठतात. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते. व्होल्टेज बसतं, शेवटच्या पोलावरच्या गड्याची मोटर नुसती गुरगुरते, वळत नाही, आणि जळते. ती मी भरायचो. माझ्या दुकानात येणाऱ्या मोटरींत कितीतरी अशा होत्या की ज्यांच्या मालकाची काहीच चूक नव्हती. चूक वरच्या अंगाच्या ऑटो स्विचवाल्याची, भुर्दंड खालच्याला. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीज मोफतच केली. पण डीपी तेवढीच राहिली.

कॅम्पवरची ‘भाड्यातली वीज’ हा नेमका तोच अश्वशक्तीचा हिशेब आहे. युनिटाचे पैसे कुणीतरी कुठेतरी भरून टाकतं. तारेची आणि डीपीची ताकद मात्र कुणाच्या भाड्यात बसत नाही, ती तिथे आहे तेवढीच असते.

बामणोलीकडच्या वाड्यावस्त्यांवर बऱ्याचदा पंचवीसची डीपी असते, म्हणजे 25 केव्हीए. तिला फेजमागे 33-34 अँपिअर मिळतात. त्यावर वाडीतली घरं, एखादी पिठाची गिरणी, नळपाणी योजनेची मोटर, आणि कडेला कॅम्प. एक टनाचा एसी पाचेक अँपिअर घेतो. दुपारी बारा जागांवर एसी चालू असतील तर तिन्ही फेज मिळून मिळणाऱ्या शंभरातले 60 अँपिअर तिथेच गेले. त्यातून कॅम्पच्या आतली केबल. मालक लोक पैसे वाचवायला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर साठ-साठ मीटर ओढतात. जाऊन-येऊन 120 मीटर होते, तिचा रोध जवळपास 0.9 ओहम. दहा अँपिअर ओढले की नऊ व्होल्ट त्या वायरीतच गरम होऊन जातात. मेमधल्या दुपारी पोलावरच 205 असतील तर गाडीत पोचतात 196. त्या व्होल्टेजला शेजारच्या तंबूतल्या म्हातारीचा पंखा हळू फिरतो. 190 ला दोन हजार वॉटचा गीझर जेमतेम 1360 वॉट देतो, म्हणजे पाणी तापायला दीडपट वेळ. आणि इन्व्हर्टर एसीची खोड अशी की व्होल्टेज कमी झालं की तो थंडावा तेवढाच ठेवायला जास्त अँपिअर ओढतो, मग व्होल्टेज आणखी पडतं. अशा वेळी रिकाम्या गाडीतला एसी एखाद्या माणसाला गारवा देत असता तर माझी काही हरकत नव्हती. तो पत्र्याला आणि गाद्यांना गारवा देत होता.

आता मेहुण्यांची अमेरिका. माझा भाचा टेक्सासमध्ये आहे, त्याच्याबरोबर असल्या गाड्यांच्या कॅम्पवर दोनदा राहिलोय आणि धंद्याचं म्हणून डबे उघडून बघितलेत. (बायको म्हणाली, फिरायला आलात की तपासणीला.) तिकडे जागेजागेवर लोखंडी खांब असतो, त्यात 30 अँपिअरचं आणि मोठ्या गाड्यांसाठी 50 अँपिअरचं सॉकेट. तिकडचं व्होल्टेज 120, म्हणजे 30 वाल्याला 3600 वॉट. 50 वाल्यात दोन तारा येतात, म्हणून 12,000. एक-दोन रात्रींचं भाडं असेल तर वीज साधारणपणे आतच धरतात. महिन्याने राहणाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी स्वतंत्र मीटर लावून वेगळं बिल देतात. मेहुण्यांनी ही दुसरी गोष्ट सांगितली नसावी. तिथले लोक ‘भाड्यातल्या’ विजेचा फायदा घेतात हे खरंय. फ्रीज गॅसवरून विजेवर टाकतात, थंडीत गाडीचा गॅस हीटर बंद ठेवून विजेची शेगडी लावतात, का तर गॅस स्वतःच्या खिशातला. मला त्यात गैर वाटत नाही. ती वीज कुणाला तरी ऊब देते. दमट भागात बुरशी लागू नये म्हणून किंवा आत कुत्रं असल्यामुळे दिवसभर एसी चालू ठेवणारेही आहेत, त्यांनाही कारण आहे.

पण तिकडची तारही अमर्याद नसते. त्यांच्या वीज संहितेतच असं आहे की छत्तीस किंवा जास्त जागांचा कॅम्प असेल तर सगळ्या जागांच्या बेरजेच्या 41 टक्के भार धरून केबल आणि ट्रान्सफॉर्मर निवडला तरी चालतो. कारण सगळे एकदम सगळं लावत नाहीत, हे गृहीत धरलेलं असतं. उन्हाळ्याच्या लाटेत ते गृहीत मोडतं आणि तिथेही व्होल्टेज पडतं. म्हणून शहाणे लोक गाडी आणि खांबाच्या मध्ये एक संरक्षक डबी लावतात. ती साधारण 104 व्होल्टच्या खाली गाडीची वीजच तोडते. म्हणजे मेहुणे ज्या देशाचा दाखला देतायत, तिथेही शेजाऱ्याच्या एसीपासून स्वतःचा एसी वाचवायला माणसं पैसे खर्च करतात.

एक प्रसंग सांगतो, त्यात माझीच चूक होती. धोम धरणाच्या पाणलोटाकडेला एक कॅम्प मी केला होता. चार खोल्या, सहा तंबू, दोन कॅरॅव्हॅनच्या जागा. पोलावरून आलेली सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची, पुढची वायर तांब्याची. तिथे द्विधातूचा लग, म्हणजे असे दोन धातू जोडायची खास टोपी, घालायला हवी होती. माझ्या हाताखालच्या पोराने न्यूट्रलची, म्हणजे परतीची वायर नुसती पिळून टेप मारला आणि मी न बघता पुढे गेलो. वर्षभर काही झालं नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी कॅम्प भरलेला होता, दुपारी बरेचसे लोक पाण्यावर गेलेले, आणि बहुतेक खोल्यांचे एसी चालू. तो जोड तापत तापत जळाला, न्यूट्रल उडाला. थ्री फेजमध्ये न्यूट्रल गेला की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज चढतं. तिथे 350 च्या वर गेलं असावं. दोन फ्रीज, एक टीव्ही आणि सात-आठ मोबाइलचे चार्जर गेले. गंमत बघा, जळालं ते कमी वीज वापरणाऱ्यांचं. ज्या फेजवर एसी होते त्यांचे एसी नुसते बंद पडले. भरपाईतला निम्मा वाटा मी दिला, आणि तेव्हापासून जोड स्वतः उघडून बघितल्याशिवाय बिल लावत नाही. सांगायचा मुद्दा, सुट्टीच्या दिवशी कॅम्पवरच्या वायरिंगची अवस्था काय आहे हे पाहुण्याला कळायला मार्ग नसतो. माझ्यासारख्याचंही चुकतं.

मग वाया घालवणं कशाला म्हणायचं? इथे मालक लोक भलत्याच गोष्टींवर तोंड वाजवतात, म्हणून जरा सविस्तर. नऊ वॉटचा एलईडी रात्रभर चालू राहिला तर एक दशांश युनिटही धड होत नाही, दीड रुपया. त्यासाठी ‘कृपया दिवे बंद करा’च्या पाट्या लावणं आणि पाहुण्याला टोकणं यात मालकाची अब्रू जास्त खर्च होते. मोबाइल-लॅपटॉप तर हिशेबातच नको. गाडीची घरगुती बॅटरी, 12 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची, पूर्ण रिकामी असली तरी दीड युनिटात भरते; बिनधास्त भरून घ्या, त्यासाठीच तर गाडी कॅम्पवर लावतो. कॉम्प्रेसरचा लहान फ्रीज दिवसाला अर्धा-एक युनिट घेतो, तो बंद करूच नये. गीझर विसरून चालू राहिला तर टाकीतून झिरपणारी उष्णता दिवसभरात पाऊण-एक युनिट खाते. वाईट आहे, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. गॅस वाचवायला इंडक्शनवर स्वयंपाक केलात तर जेवणामागे एखादं युनिट. करा. फक्त एसी आणि गीझर दोन्ही चालू असताना नको.

खरी नासाडी दोनच ठिकाणी होते. एक, रिकाम्या जागेत चालणारा एसी किंवा शेगडी. महाबळेश्वरच्या हॉटेलांत चावीची खाच असते, चावी काढली की खोलीची वीज बंद. त्या खाचेत लोक ओळखपत्र, मेट्रोचं कार्ड, एकाने तर लग्नपत्रिका कापून घातलेली मी बघितलीय. कशासाठी, तर परत आल्यावर खोली गार हवी. अहो, एक टनाचा एसी कॅरॅव्हॅनएवढी जागा अर्ध्या तासात गार करतो! परतण्याआधी अर्धा तास कुणालातरी लावायला सांगा. सकाळीच गाडी झाडाच्या सावलीला लावा, पुढच्या काचेला चकचकीत पडदा टाका, छतावरची झडप उघडी ठेवा, म्हणजे आत भट्टी होतच नाही. आत कुत्रं, लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर हे सगळं रद्द. एसी लावा आणि मालकाला तसं आधी सांगा.

दुसरी गोष्ट नासाडी नव्हे, पण भाड्यात बसतही नाही: विजेवर चालणारी मोटार. तिची तीस युनिटांची बॅटरी घरगुती सॉकेटवर भरायला रात्रभर तीन किलोवॉटच्या वर ओढत राहते. म्हणजे साडेचारशेच्या वरची वीज तुम्ही डब्यात भरून घरी नेता. विचारल्याशिवाय लावू नये. शिवाय सोळा अँपिअरचं साधं सॉकेट आठ-आठ तास एवढा भार सोसायला बनवलेलं नसतं. वितळलेली सॉकेटं माझ्या गाडीत पडलेली आहेत, कधीही दाखवतो.

बामणोलीचं म्हणून एक आठवलं, विषयाला सोडून नाही. तिथे कॅम्पसमोर जे पाणी दिसतं तो कोयनेचा शिवसागर. तेच पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला उतरतं, साधारण पावणेपाचशे मीटर, आणि तिथली जनित्रं फिरवतं. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॉट. एवढ्या उंचीवरून एक युनिट काढायला ढोबळमानाने साडेआठशे लिटर पाणी लागतं. तुमच्या 12 युनिटांना दहा हजार लिटर, म्हणजे बरोबर एक टँकर. तुमच्या एसीला त्याच पाण्याची वीज आली असं मी म्हणत नाही, ग्रिडमध्ये कोळशाचीच जास्त असते. पण मे महिन्यात माण-खटावच्या वाडीला जो टँकर जातो, त्याच्याशी तुलना मला टाळता येत नाही. ज्यांची घरं-शेतं या धरणात गेली त्यांची नातवंडं आज त्याच काठावर कॅम्प चालवतात आणि कमी व्होल्टेजची तक्रार माझ्याकडे घेऊन येतात.

आता मालक. एमसीबी पाडणं हे चुकलंच. त्या एमसीबीवर एसीबरोबर फ्रीज होता, आत औषधं असती, इन्शुलिन असतं तर? फोन करून ‘एसी बंद करू का’ एवढं विचारता आलं असतं. त्याहून मोठी चूक भाडं ठरवतानाची. कॅम्पवाल्यांना मी नेहमी सांगतो: प्रत्येक जागेला एक लहान मीटर बसवा, हजार-दोन हजारात येतो. बिल लावायला नव्हे, आपल्याला आणि पाहुण्याला आकडा दिसायला. आकडा समोर फिरताना दिसला की निम्मे लोक आपणहून एसी बंद करतात, हा माझा अनुभव. भाड्यात दिवसाला अमुक युनिट धरलेत, त्यापुढे अमुक आकार, हे आरक्षणाच्या वेळीच लिहून द्या. आठवडाभर किंवा जास्त राहणाऱ्याला वेगळा दर. प्रत्येक जागेला स्वतःचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा), एसीचं सॉकेट वेगळं, आणि जागा तिन्ही फेजवर वाटून टाकलेल्या. आणि घरच्या मीटरवर कॅम्प चालवू नका. वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. मग बारा युनिटांसाठी पाहुण्याशी भांडलेलं फार महागात पडतं.

तेव्हा तुमचे पाचशे. आधी लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळे कापायचा त्याला अधिकार नव्हता. शिवाय वाया गेलेली वीज सगळी मिळून 180 ची, वर तुमचं दूधही गेलं. परत मागा. पण मागताना रिकाम्या गाडीत एसी चालू राहिला हे आधी कबूल करा. माणूस बहुतेक पूर्ण परत करेल, किंवा पुढच्या वेळी वळते करून घ्या म्हणेल. फोन मात्र तुम्ही करा, मेहुण्यांच्या हातात देऊ नका.